उभ्याने मोजले

ताईंना माणसाचं वजन नुसतं बघून कळायचं. ही थाप नव्हे. वॉर्डातल्या सगळ्यांनी त्याची खात्री करून घेतली होती, तीही शंभरदा. नवा डॉक्टर रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्याला ताईंसमोर उभं करायचं. ताई कामातून मान वर करायच्या, त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळायच्या आणि आकडा सांगायच्या. "शहात्तर. आणि जेवण जरा कमी करा." डॉक्टर हसत हसत काट्यावर चढायचा आणि उतरताना हसत नसायचा. हरणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा असा नियम होता. सिस्टर म्हणून तेहेतीस वर्षांच्या नोकरीत ताईंवर चहा पाजायची पाळी आठ-दहा वेळाच आली असेल.

ही विद्या त्यांना कुणी मुद्दाम शिकवली नव्हती. नोकरीची पहिली सहा वर्षं तान्ह्या मुलांच्या वॉर्डात गेली. तिथे थेंबाथेंबाचा हिशोब, प्रत्येक औषध वजनावर, आणि पोरं दिवसातून दोनदा तोलायची. हजारो पोरं हातावरून गेल्यावर उचललं की आकडा ओठांवर यायला लागला. मग मोठ्यांच्या वॉर्डात बदली झाली. तिथे उचलणं सुटलं, नजर तेवढी राहिली. तान्ह्यांच्या वॉर्डात त्या आकडा सांगायच्या आधी उचलायच्या आणि सांगितल्यावर काट्यावर ठेवायच्या, ही गोष्ट मात्र सगळ्यांच्या विस्मरणात गेली. ताईंच्याही.

त्या आळशी होत्या असं कुणाला वाटत असेल, तर त्याने एक दिवस तो वॉर्ड चालवून दाखवावा. चाळीस पलंग, दुपारच्या पाळीला तीन सिस्टर, दर दहा मिनिटांनी वाजणारा फोन. ताई सकाळी साडेसहाला यायच्या आणि संध्याकाळी पाय सुजवून घरी जायच्या. कुणाची लघवी अडली, कुणाचं सलाइन संपलं, कुठला डॉक्टर आज घुश्शात आहे, हे त्यांना दारात पाऊल टाकताच कळायचं. वॉर्ड त्यांच्या डोळ्यांवर चालत होता, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. तो त्यांनी कधी लपवलाही नाही.

दोन वर्षांपूर्वी वॉर्डात कॉम्प्युटर आले. कागदी केसपेपर गेले. आल्या पेशंटची माहिती पडद्यावर भरायची, डॉक्टरने औषध पडद्यावरच लिहायचं, मात्रा मशीनने काढून द्यायची. हे ज्यांनी बनवलं ते मूर्ख नव्हते. वजन भरल्याशिवाय औषध लिहिताच येणार नाही, अशी त्यांनी तजवीज केली होती. वजनाच्या चौकटीखाली आणखी एक चौकट होती: वजन कसं घेतलं? तिच्यात तीन उत्तरं. उभ्याने मोजले. पलंगावर मोजले. अंदाजे. यातलं पहिलं उत्तर आधीच भरून ठेवलेलं असायचं. बदलायचं तर आपण बदलायचं.

शिकवायला कॉम्प्युटरवाला आला होता, चष्मा लावलेला, अगदी मऊ आवाजाचा माणूस. दुपारच्या जेवणानंतरची वेळ, अर्ध्या सिस्टर पेंगत होत्या. त्याने ती तिसरी ओळ दाखवून दोनदा सांगितलं, "अंदाज असेल तर अंदाज आहे असंच भरा. मशीनला ते कळलं पाहिजे. म्हणजे मग ते जपून वागतं."

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आमच्या ताईंचा अंदाज तुमच्या मशीनपेक्षा बरा आहे, दादा."

सगळे हसले. ताई सगळ्यांत मोठ्याने हसल्या. कॉम्प्युटरवालाही हसला आणि पुढच्या विषयाकडे वळला. त्या ओळीपाशी त्याने थांबायला हवं होतं.

मशीन जपून वागतं म्हणजे काय, ते पहिल्याच आठवड्यात कळलं. 'अंदाजे' निवडलं की पडद्यावर पिवळी पट्टी यायची, खाली औषधांच्या खोलीत घंटी वाजायची, आणि तिथली फार्मासिस्ट फोन करायची, "वजन नक्की करा, तोवर इंजेक्शन सोडत नाही." नक्की करायचं कशावर? झोपलेल्या पेशंटसाठी खुर्चीचा काटा लागतो, आणि तो तीन वॉर्डांत मिळून एक. कधी खालच्या मजल्यावर, कधी चादरींच्या कपाटामागे, आणि सापडलाच तर त्याचे सेल संपलेले. एका म्हाताऱ्या मास्तरांचं दुखणं थांबवायचं इंजेक्शन या फोनाफोनीत पाऊण तास अडकलं. मास्तर दातओठ आवळून पडून होते आणि ताईंना त्यांच्याकडे बघवत नव्हतं. त्या दिवशी ताईंचं डोकं फिरलं.

"ती तिसरी ओळ कुणी दाबायची नाही," त्यांनी सगळ्यांना बजावलं. "वजन मला विचारा, आकडा भरा आणि पुढे चला. नसती कटकट नको."

कटकट गेली. वॉर्ड सुरळीत चालायला लागला. "ताई, अकरा नंबर?" "चौसष्ट." "ताई, नवे आजोबा?" "पन्नास. नको, एकोणपन्नास धर." दुसऱ्या वॉर्डातल्या सिस्टर हेवा करायच्या, त्यांचे पेशंट अडकून पडायचे. साहेबांनी, म्हणजे हॉस्पिटलच्या मुख्य डॉक्टरांनी, एका बैठकीत ताईंच्या वॉर्डाचं नाव घेऊन कौतुक केलं. ताईंच्या तोंडचा अंदाज पडद्यावर गेला की अंदाज राहत नसे. त्याचा आकडा होई, त्याखाली 'उभ्याने मोजले' असे, आणि मशीन त्यावरून दशांशापर्यंत मात्रा काढून देई. असा नीटनेटका आकडा बघून कुणाच्या मनात शंका येणार?

ती बाई आली तो मंगळवार होता. दुपारचे दोन वाजत आले होते. स्ट्रेचरवर सत्तरीच्या आसपासची बाई, गळ्यापर्यंत ब्लँकेट, गोल चेहरा, गाल वर आलेले. बरोबर चाळिशीची मुलगी. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. ती सुटून फुप्फुसात जाऊ नये म्हणून रक्त पातळ करणारं इंजेक्शन लगेच सुरू करायचं होतं. हे इंजेक्शन वजनावर देतात. कमी पडलं तर गुठळी वाढते, जास्त झालं तर आत कुठेतरी रक्त वाहायला लागतं आणि थांबत नाही.

नेमके त्याच वेळी समोरच्या पलंगावरच्या माणसाला झटके येत होते. ताई त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. "नातेवाइकांना बाहेर बसवा आधी," त्या ओरडल्या, आणि आयानं सगळ्यांना बाहेर काढलं, त्यात ती मुलगीही गेली. डॉक्टर पडद्यापाशी बसला होता, बोट वजनाच्या चौकटीवर.

"ताई, वजन?"

ताईंनी मान वळवली. चेहरा दिसला, ब्लँकेट दिसलं.

"अठ्ठावन्न."

त्या चेहऱ्याने फसवलं. बाईला जुना दमा होता. त्यासाठी ज्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू होत्या त्यांनी चेहरा सुजतो आणि हातपाय वाळत जातात. हे ताईंना माहीत नव्हतं असं नाही; नव्या सिस्टरांना हे त्याच शिकवायच्या. पण त्यासाठी ब्लँकेट बाजूला करावं लागतं.

पहिलं इंजेक्शन देणाऱ्या सिस्टरने पोटाची कातडी चिमटीत धरली तेव्हा बाई तिला फारच बारीक वाटली. ती क्षणभर थांबली. पण पडद्यावर अठ्ठावन्न होतं, खाली 'उभ्याने मोजले' होतं. तिने विचार केला की काट्यापुढे आपल्या चिमटीला कोण विचारतो, आणि इंजेक्शन दिलं. हे तिने नंतर रडत रडत सांगितलं. बुधवारी ताईंची सुट्टी होती. गुरुवारी सकाळी चौथं इंजेक्शन झालं आणि तासाभरात बाई स्वतःच्या मुलीला ओळखेनाशी झाली. मग उलटी, मग एक बाजू लुळी. मेंदूत रक्तस्राव झाला होता.

अतिदक्षता विभागात तिला पोचवायला ताई स्वतः गेल्या. तिथले पलंग पेशंटचं वजन आपोआप दाखवतात. बाईला पलंगावर सरकवलं आणि पायथ्याशी लाल आकडे उमटले: ४१.२. ताईंना आधी वाटलं, पलंग बिघडलाय. तेवढ्यात तिथल्या सिस्टरने ब्लँकेट काढलं आणि ताईंनी त्या बाईचे पाय पहिल्यांदा बघितले. गुडघ्याखाली नुसती हाडं होती.

बाई शुक्रवारी संध्याकाळी गेली.

असा मृत्यू झाला की तपास होतोच. कॉम्प्युटरवाल्याला यादी काढायला सांगितली आणि त्याने त्याच मऊ आवाजात ती साहेबांच्या खोलीत वाचून दाखवली. दोन वर्षांत ताईंच्या वॉर्डात तीन हजार एकशे बारा पेशंट आले. त्यातले तीन हजार एकशे चार 'उभ्याने मोजले'. त्यांत बेशुद्ध आलेले होते. दोन्ही पाय प्लॅस्टरमध्ये असलेले होते. आल्यावर वीस मिनिटांत गेलेला एक माणूस होता, तोही उभा राहिला होता.

"तुमच्या वॉर्डात मांडीचं हाड मोडलेली माणसं टुणकन उभी राहतात, ताई," साहेब म्हणाले. खोलीत कुणीच हसलं नाही.

ताईंनी यादी मागून घेतली आणि वॉर्डातल्या मागच्या खोलीत बसून चाळली. नावं, आकडे, तारखा. बहुतेक आकडे बरोबरच असणार, तेवढी त्यांना अजूनही खात्री होती. पण बहुतेक म्हणजे सगळे नव्हेत. कुणाला कमी औषध गेलं असेल आणि तो उशिरा बरा झाला असेल. कुणाला जास्त गेलं असेल आणि तो म्हातारपणाने गेला असं सगळ्यांनी धरून चाललं असेल. हे आता कळायला कुठलाच मार्ग नव्हता, कारण चुकीच्या आणि बरोबर आकड्यांखाली एकच ओळ होती, आणि ती ओळ त्यांनीच ठेवायला लावली होती. सहाव्या पानावर त्यांनी यादी मिटून ठेवली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांना एकटीला बोलावलं आणि दार लावून घेतलं. टेबलावर टाइप केलेला एक कागद होता.

"मी सगळ्या बाजूंनी विचार केलाय," साहेब म्हणाले. "खुर्चीचा काटा बिघडला होता, असं दाखवू. 'उभ्याने' ही ओळ बदलायची राहिली म्हणू. सोळा-सतरा किलो जास्त दाखवत होता. तो काटा भंगारात जाईल, नवा येईल. त्या निमित्ताने तुम्हाला वॉर्डासाठी वेगळा मिळेल. कधीपासून मागताय ना?"

"चार वर्षं झाली," ताई म्हणाल्या.

"मग झालं तर. तुमच्या निवृत्तीला आठ महिने राहिलेत. तो डॉक्टर सत्तावीस वर्षांचा आहे. त्याला कशाला फासावर द्यायचं? काट्याला ना बायको ना पोरं. तुम्ही फक्त सही करायची, की मंगळवारी तुम्ही या काट्यावर वजन घेतलं."

ताईंना साहेबांचा राग आला. चार वर्षं मागून जो काटा मिळाला नाही तो आता खोट्याच्या बदल्यात मिळत होता. पण रागापेक्षा सुटकेची भावना मोठी होती, हे त्यांना स्वतःलाच कळलं आणि त्याची लाजही वाटली.

"उद्या करते सही," त्या म्हणाल्या.

ताईंचे यजमान शिंपीकाम करायचे. घराच्या पुढच्याच खोलीत मशीन, कपाट आणि कापडाचे तुकडे. त्या संध्याकाळी ताई आत न जाता तिथेच स्टुलावर बसल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. यजमान एका पँटच्या कापडावर खडूने रेघा मारत होते. त्यांनी खडू खाली ठेवला नाही, पण रेघ थांबली.

"हे कापड कुणाचं आहे माहितीये?" ते म्हणाले. "ते पोस्टातले. पंचवीस वर्षं माझ्याकडे येतायत. माप तोंडपाठ आहे. तरी दर वेळी फीत लावतो. तोंडपाठ असतं ते गेल्या वेळचं."

"तुम्हाला काय जातं शहाणपण शिकवायला," ताई उसळल्या. "तुमच्याकडे एका वेळी एक गिऱ्हाईक असतं. आणि चुकलं तर काय, कापड पुन्हा आणता येतं."

"हो ना," यजमान म्हणाले. "माझं तर नुसतं कापड."

त्यांना टोचून बोलायचं नव्हतं, आणि ताईंनाही ते माहीत होतं. त्या उठून आत गेल्या. सकाळी घरातून निघताना ताईंचं ठरलं होतं: सही करून टाकायची. आठ महिने काढायचे, पेन्शन घ्यायची, आणि या विषयाचं नाव पुन्हा काढायचं नाही. भल्या माणसांनीही असं ठरवल्याचं आपण बघतोच, आणि ताई काही आभाळातून पडल्या नव्हत्या.

साहेब अकराला येणार होते. साडेदहाला त्या मृत बाईची मुलगी वॉर्डाच्या दारात आली. रेकॉर्डच्या खिडकीवरून तिने आईच्या कागदांची प्रत घेतली होती. ताईंना पाहून ती सरळ त्यांच्याकडेच आली. ताईंना वाटलं, आता ही आरडाओरडा करणार, आणि मनातून त्यांना ते बरंच वाटलं असतं. पण मुलीने फक्त एक कागद पुढे केला.

"सिस्टर, एक विचारायचं होतं. तुम्हीच होतात ना त्या दिवशी?"

"हो."

"इथे लिहिलंय बघा. वजन, उभ्याने मोजले." तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. "आई उभी राहिली होती?"

ताईंनी त्या ओळीकडे बघितलं.

"दोन वर्षं झाली ती उभी राहिलेली नाही," मुलगी म्हणाली. "खुबा मोडला ना, तेव्हापासून. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, उभं करा. पण तिच्या मनात धास्ती बसली. मी रोज म्हणायचे, एक मिनिट उभी राहा ग, मी धरते. रोज भांडायचो यावरून. मी कधी कधी फार बोलायचे तिला." तिच्या डोळ्यांत चक्क आनंद होता. "तुमच्याजवळ कशी राहिली? कुणाला धरलं होतं तिने? किती वेळ?"

हो म्हणणं अगदी सोपं होतं. माझ्या खांद्याला धरून अर्धा मिनिट उभ्या राहिल्या हो, एवढं वाक्य पुरलं असतं. मुलीला जन्मभर सांभाळून ठेवायला काहीतरी मिळालं असतं. साहेबांच्या कागदालाही बळकटी आली असती, कारण मग काट्यावर वजन घेतल्याचं खुद्द तिच्या मुलीलाच पटलेलं असतं. वाक्य ताईंच्या जिभेवर आलं होतं. पण समोरचा चेहरा बघून ते त्यांना उच्चारवेना.

"नाही," ताई म्हणाल्या. "त्या उभ्या राहिल्या नाहीत."

"मग बसवून..."

"बसवलंही नाही. काट्यावर नेलंच नाही त्यांना. मी लांबून बघितलं आणि आकडा सांगितला. तो चुकला. त्या आकड्यावर इंजेक्शन दिलं, ते जास्त झालं आणि त्याने त्यांच्या डोक्यात रक्तस्राव झाला."

मुलगी कागदाकडे बघत राहिली. "पण इथे मोजले लिहिलंय."

"खोटं आहे ते. माझ्या सांगण्यावरून सगळ्यांचंच तसं भरायचे."

कपड्यांची ट्रॉली त्यांच्या शेजारून गेली, तिला वाट द्यायला दोघी भिंतीकडे सरकल्या. मुलीच्या चेहऱ्यावरचा आनंद आता पार गेला होता. राग अजून आला नव्हता. "हे लिहून द्याल?" तिने विचारलं.

"देते."

ताई काउंटरवर गेल्या आणि उभ्या उभ्याच लिहायला लागल्या. अक्षर मुद्दाम मोठं काढलं. वजन मोजले नव्हते. मी, या वॉर्डाची प्रमुख सिस्टर, अंदाजाने अठ्ठावन्न सांगितले. डॉक्टरने माझ्यावर विश्वास ठेवला. 'अंदाजे' असे भरायची सोय होती, ती मीच वापरू दिली नाही. खरे वजन एक्केचाळीस होते, हे नंतर कळले. खाली सही केली, तारीख घातली आणि कागद मुलीच्या हातात दिला. नोकरीचं काय होणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते व्हायला हवं असंही त्यांना वाटत होतं.

मुलीने कागद सावकाश वाचला. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवून तो परत काउंटरवर ठेवला.

"हे खोडा," ती म्हणाली. "नंतर कळले, हे."

"का?"

"मला आधीच माहीत होतं. दर रविवारी मी तिला कडेवर घेऊन घरच्या काट्यावर उभी राहायचे. दोघींचं मिळून किती ते बघायचं आणि माझं त्यातून वजा करायचं. त्या रविवारीही केलं होतं. एक्केचाळीस." तिने ताईंकडे बघितलं. "मी दाराबाहेरच बसले होते, सिस्टर. तुम्ही मला विचारायचं होतं."

ताईंनी पेन उचललं आणि ते शब्द खोडले.